आज किती आणे?

"आज किती?"
"दहा आणे. तुमचे?"
"सहाच हायत. सरक, मी काढते झाकण."

आमच्या घरात सकाळचे सहा असे वाजतात. चहापावडरच्या डब्याचं झाकण मला सकाळी निघत नाही, बोटं केळ्यासारखी जाड झालेली असतात आणि मूठ वळत नाही, म्हणून मी आपली कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ओट्यापाशी उभी असते आणि आत्या उंच स्टुलावर बसून चहा करतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे बऱ्याच घरात सासूला आत्या म्हणतात, माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला अजून वाटतं की माझ्या वडिलांची बहीण आमच्याकडे राहायला आहे, मी आता समजावणं सोडून दिलंय.

तर आत्या ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले. मी ४६, हायस्कूलला गणित शिकवते, आणि मला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो आहे, नऊ वर्षं होऊन गेली. आण्यांची भानगड पुण्याच्या डॉक्टरांकडे सुरू झाली. माझी फॉलोअपची तारीख होती, म्हटलं गाडी जातेच आहे तर आत्यांचे गुडघे पण दाखवून घेऊ. डॉक्टर तरुण होते, तिशीतले असतील, त्यांनी आत्यांना नीट समजावून विचारलं की आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? आत्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "बारा."

"आजी, दहापैकी सांगायचं."

"बाराच की. बारा आणे दुखतंय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग मी सांगितलं की सर, सोळा आण्यांचा रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण, तर तुम्ही साडेसात लिहा. ते हसले आणि लिहिलं. बाहेर आल्यावर आत्या मला म्हणतात, डॉक्टर एवढा शिकलेला आणि हिशोब येईना व्हय त्याला.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आत्या पाच-सहा वर्षांच्या होत्या, पण गावच्या बाजारात पुढे कित्येक वर्षं आणेच बोलले जायचे आणि त्यांच्या डोक्यात ते पक्के बसलेत. मला तर ही पद्धत दहापैकीपेक्षा बरी वाटते. गणिताची बाई असून सांगते, दुखण्याचं सहा आणि सात यातला फरक मला नऊ वर्षांत कळलेला नाही. आण्यांचं कसं, चार आणे म्हणजे दुखतंय पण कामात विसरायला होतं. आठ आणे म्हणजे काम होतंय पण मी चिडचिड करणार, मनावर घेऊ नका. बारा आणे म्हणजे काम बंद, बोलणं चालू. आणि रुपया म्हणजे बोलू पण नका, दिवा बंद करा आणि जा. चार आण्याचं नाणं सरकारने २०११ मध्ये बंद केलं, आमच्या घरात रोज चालतंय.

हे सगळं आता हसत लिहितेय पण आधी आमचं असं नव्हतं, खोटं कशाला बोलू. लग्न झाल्यावर पहिली बारा-तेरा वर्षं मला वाटायचं की आत्या गुडघ्यांचं जरा जास्तच करतात. लग्नाकार्याला गेल्या की चार तास बसायच्या मजेत आणि घरी आलं की पाय ओढत चालायच्या, मी मनात म्हणायचे की झालं सुरू. तोंडावर कधी बोलले नाही पण चेहऱ्यावर दिसत असणारच. आणि मग माझं सुरू झालं तेव्हा त्यांनी पण तेच केलं. सकाळी सातपर्यंत मला उठवत नव्हतं, दुपारी मात्र मी चालती फिरती, शाळेत जाऊन तास घेऊन यायचे, तर त्यांचं म्हणणं सकाळच्याच कामाला बरी दुखतात हिची बोटं. म्हणजे दोघी एकमेकींना नाटकी समजत होतो.

२०१६ ची गोष्ट. त्या वर्षी आमच्याकडे चिकनगुनियाचे पेशंट घरोघरी होते, मला पण मध्ये ताप येऊन गेला होता, त्यामुळे बोटं, मनगटं, पायाचे चवडे दुखायला लागल्यावर सगळ्यांनी तेच नाव घेतलं. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात हे खरं आहे. पण माझं सुटेना. पहाटे उठले की अंग सिमेंटमध्ये घातल्यासारखं. खडू धरता येईना. फळ्यावर वर्तुळ काढताना मनगटातून अशी कळ गेली की खडू पडला आणि पोरं हसली, त्यांची काय चूक. आरए फॅक्टर, म्हणजे या वातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आला, त्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं की वात नाहीये, वजन कमी करा आणि टेन्शन घेऊ नका. आठ महिने मी टेन्शन न घेण्याचा प्रयत्न करत होते. नंतर पुण्याला दाखवलं तेव्हा कळलं की तो फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो, अँटी सीसीपी नावाची वेगळी टेस्ट केली, ती चांगलीच पॉझिटिव्ह. त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? सकाळी आखडलेलं सुटायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, पहिला तास संपेपर्यंत. ते म्हणाले म्हणजे किती वाजता, मी म्हटलं साडेअकरा.

आणि तिथेच त्यांनी जे सांगितलं त्याने आमचं घर बदललं, म्हणजे खरंच. माझा आजार सूज येण्याचा आहे, शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, त्यात रात्रभराच्या विश्रांतीनंतर सांधे जास्त आखडतात आणि हालचाल करत गेलं की सुटत जातात. झिजलेल्या गुडघ्यांचं उलटं असतं. सकाळी दहा-पंधरा मिनिटं जड वाटतात, मग चालायला लागतात, आणि दिवसभर वापरून वापरून संध्याकाळी बोंबलतात. म्हणजे मला सकाळी उठवत नव्हतं ते पण खरं आणि आत्या लग्नाहून येऊन पाय ओढत होत्या ते पण खरं. मी घरी येऊन हे आत्यांना सांगितलं, पाटीवर चित्र काढून दाखवतात तसं वहीवर आलेख काढून, माझी रेघ खाली येणारी आणि त्यांची वर चढणारी. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "म्हंजे दुपारी दोघी बऱ्या." आणि उठून गेल्या. माफी वगैरे आमच्यात कोणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कणीक मळून ठेवली होती.

तेव्हापासून पाळ्या आहेत. सकाळ त्यांची, संध्याकाळ माझी. सकाळचा चहा, कणीक, दूध तापवणं, दुधाची पिशवी कापणं (ही पिशवी कोणी शोधली देव जाणे, ओल्या निसरड्या पिशवीचा कोपरा आखडलेल्या बोटात धरून बघा एकदा) हे त्या बघतात. नवऱ्याने ओट्यापाशी उंच स्टूल आणून ठेवलंय कारण उभं राहून त्यांना होत नाही आणि खाली बसलं तर उठता येत नाही. संध्याकाळी भाजी, भांडी, दळण आणणं, जिन्यावरून कपडे काढून आणणं माझ्याकडे. भाकरी मात्र मी थापत नाही, मनगटावर दाब येतो, भाकरी शेजारच्या गल्लीतून विकत येते आणि त्याबद्दल आमच्या भावकीत जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याशिवाय दोन गोष्टी आहेत ज्या पाळीत बसत नाहीत. रोज सकाळी आत्या माझी वेणी घालतात आणि ब्लाउजचे हुक लावतात, कारण खांद्याच्या वर हात नेला की संपलं. आणि दर रविवारी मी त्यांच्या पायाची नखं कापते, त्यांना वाकून पायापर्यंत हात पोचत नाही. पहिल्यांदा त्यांनी पाय मागे घेतला होता. सुनेने पायाला हात लावायचा तो नमस्कारापुरता असं काहीतरी असेल मनात, मला पण अवघडल्यासारखं झालं होतं. मग मी म्हटलं, तुम्ही माझ्या पाठीचे हुक लावता तेव्हा मला काय वाटत असेल, आणा इकडे. आता त्या नखं कापताना गावातल्या सगळ्या भानगडी सांगतात आणि एवढं ऐकायला मिळतं की वीस नखं असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

शब्दांबद्दल लिहायचंय जरा. १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखणं मोजायला एक प्रश्नावली केली, त्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेत, पेशंटने त्यातून आपले निवडायचे. माझ्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं तेव्हा मी घरी येऊन आत्यांना विचारलं की दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत सांगा. त्या लसूण सोलत होत्या. ठणकतं ते वेगळं, ठसठसतं ते वेगळं, ठसठसतं म्हणजे आत पू झाल्यागत. कळ येते आणि जाते. चमक एकदम भरते. उसण पाठीत. लचक मानेत नाहीतर कमरेत. रग लागते ते चालून चालून. पोटात मुरडा, डोक्यात घण, हाडं कडकडतात ती तापाच्या आधी, गुडघे कुरकुरतात ते पावसाच्या आधी, टोचतं, बोचतं, चुरचुरतं, आग होते, मुंग्या येतात, जीव मेटाकुटीला येतो. लसणाच्या दोन कांड्या होईपर्यंत चालू होतं. आणि हेच सगळं डॉक्टरपुढे बसलं की आपण काय म्हणतो? "दुखतंय." संपलं. मी तेव्हापासून तपासणीच्या आदल्या रात्री शब्द लिहून नेते. सूज असलेल्या दिवसात माझं ठणकतं आणि सांधा गरम लागतो, नुसतं जास्त काम झालं असेल तर रग लागते, आणि डॉक्टरांना या दोन्हीत काय करायचं ते वेगळं असतं, हा फरक त्यांना माझ्या "दुखतंय"मधून कसा कळणार होता?

पुड्यांचं पण सांगते, कारण अजून खूप जण घेतात. मधल्या काळात एका ठिकाणची पुडी आत्यांना कोणीतरी आणून दिली, वातावर रामबाण, आणि खरंच तीन दिवसांत गुडघे पळायला लागले. त्यांनी प्रेमाने अर्धी माझ्यासाठी ठेवली. कागदावर नाव नाही, काय घातलंय ते नाही. मी डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच फोन करून बंद करायला सांगितलं, अशा बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं, आराम पडतो म्हणून माणूस घेत राहतो आणि मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तरी धोका, त्यामुळे आधी किती दिवस घेतलीय ते त्यांनी विचारून घेतलं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या पेनकिलरचं पण तेच. डायक्लोफिनॅक आपण चॉकलेटसारखं खातो, आणि हेच औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये ते गुरांसाठी बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नाही हे मान्य, पण रोज दोन-दोन गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर आपली किडनी पण लोखंडाची नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, ओवा आणि मिठाची पुरचुंडी, तेल चोळणं हे आमच्याकडे अजून आहे. त्याने आजार जात नाही हे मला माहितीये पण रात्री कोणीतरी गुडघ्याला तेल लावतंय याने झोप लागते, हे पण माहितीये.

माझ्या औषधाची राखण आत्याच करतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, एकच वार, माझा गुरुवार. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, तोंड येतं, आणि अशा चुका होतात कारण आपल्याला गोळी म्हटलं की सकाळ-संध्याकाळच डोक्यात येतं. आत्यांचा गुरुवार दत्ताचा उपास असतो. त्यामुळे त्यांनी ठरवून टाकलं की त्यांचा उपास आणि माझी गोळी एका दिवशी, कालनिर्णयच्या गुरुवारच्या चौकोनात रात्री गोळी घेतली की त्या स्वतः टिक करतात, टिक नसेल तर झोपू देत नाहीत आणि टिक असेल तर डबी कपाटात वर. शुक्रवारी मला मळमळतं, अन्न बघवत नाही, तेव्हा आल्याचा तुकडा मीठ लावून पुढे येतो. कधीतरी त्याच चौकोनात आणे पण लिहायला लागल्या, "स. १० सं. ४" माझे आणि खाली त्यांचे उलटे. पुढच्या वेळी मी कालनिर्णयची पानंच फाडून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी संकष्टी आणि एकादशीच्या मधून वाट काढत सगळं वाचलं आणि म्हणाले, पावसाळ्यात डोस बघावा लागेल.

२०२० च्या मार्चमध्ये एक वाईट महिना गेला. माझी दुसरी गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मूळची मलेरियाची. कोविडवर चालते अशी हवा झाली, अमेरिकेचे अध्यक्ष बोलले, इथे डॉक्टर-नर्सेसना द्यायला सांगितलं, आणि रातोरात दुकानातून गायब. ज्यांना गरज नाही त्यांनी घरात भरून ठेवल्या. कराडात चार दुकानं फिरून नवरा हात हलवत परत आला. तेव्हा एका बाईंनी, ओळख म्हणजे फक्त पुण्याच्या वेटिंग रूममधली, त्यांना ल्युपस आहे, म्हणजे तो पण रोगप्रतिकारक शक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, आणि तीच गोळी चालू, त्यांनी स्वतःच्या पट्टीचे कात्रीने दोन तुकडे केले आणि भाजीच्या गाडीतून अर्धी पट्टी माझ्याकडे पाठवली. त्यांच्याकडे पण दोनच पट्ट्या होत्या हे मला वर्षभराने कळलं. त्यावर मी काय बोलणार.

नवऱ्याबद्दल लिहिलं नाही तर तो रुसेल. माणूस चांगला, पण त्याचं एकच वाक्य, आराम कर. दोघींनाही. सांगून सांगून दमले की बाबा मला सकाळी आराम नाही हालचाल पाहिजे, आणि "काही लागलं तर सांग" म्हणू नकोस, कारण बारा आणे दुखत असताना काय लागतंय ते शोधून, त्याचं वाक्य करून, तुला टीव्हीसमोरून उठवणं हे पण कामच आहे. त्यापेक्षा पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेव. आता ठेवतो. सगळ्या बाटल्यांची ठेवतो, त्यामुळे परवा लेकीच्या दप्तरात पाणी सांडून प्रयोगवही भिजली, ते असो.

लोकांचं "दिसतेस तर छान की" हे पण सवयीचं झालंय. दुखण्याचा अभ्यास करणारी आयएएसपी म्हणून जागतिक संघटना आहे, त्यांनी २०२० मध्ये दुखण्याची व्याख्या नव्याने केली तेव्हा सोबत असंही लिहिलं की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. एवढ्या मोठ्या संघटनेला हे लिहून ठेवावं लागतं म्हणजे बघा. मी तेरा वर्षं आत्यांच्या बाबतीत हेच केलं नव्हतं म्हणून मला बोलायचा फार अधिकार नाही.

आता सध्याचं. आत्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून नवरा मागे लागलाय, आणि आत्या दर वर्षी नको म्हणायच्या. मला वाटायचं भूलीला घाबरतात. परवा नखं कापताना म्हणाल्या, "दीड महिना मी पडून राहिले तर तुझी वेणी कोण घालणार?"

मी म्हटलं केस कापते बारीक. तर म्हणाल्या, आधी तुझ्या नवऱ्याला चहा शिकव.

म्हणून गेल्या सोमवारपासून नवरा सहाला उठतोय. त्या खाटेवरून सूचना देतात, मी पातेल्यात हात बुडवून बघते. आज त्याने झाकण काढलं, पावडर घातली, दूध उतू घातलं, ओटा पुसला, तीन कप आणून ठेवले. आत्यांनी एक घोट घेतला.

"कसाय?"

"चार आणे," आत्या म्हणाल्या. "आलं विसरलास."